शकुनच्या आरामाची व्यवस्था

सोमवार, १ जानेवारी १९६२. अकोला
कापसाच्या जिनाच्या मालकांनी यंदा कारकुनांना डायऱ्या वाटल्या. बाकीच्यांच्या हातात नुसत्या कोंबल्या. मला देताना 'घ्या खुशालराव' म्हणाले. एकेकाला माणसाची पारख असते.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. सुपारी बंद. रोज इंग्रजीचे दहा शब्द. कोणावर चिडणे नाही. बहिणीचं, म्हणजे वच्छीचं लग्न या उन्हाळ्यात उरकणे.
आज उठायला आठ झाले. पण नवीन गोष्ट मंगळवारी सुरू करावी. मारुतीचा वार.

मंगळवार, २ जानेवारी
साडेसात. प्रगती आहे.

बुधवार, १० जानेवारी
बॉयलर बिघडला, जिन बंद. घरी होतो ते बरं झालं, कारण उत्तमराव आले. सोयरिकी जमवण्यात यांचा हात धरणारा अकोला-अमरावतीत नाही. स्थळ आणलं, मोर्शीचे देशमुख! संत्र्याचे बगीचे, मुलगा देवराव शेतकी कॉलेजात शिकलेला. आमची वच्छला मॅट्रिक, नाकीडोळी नीटस, तोंडानं जरा फटकळ. मी मनातल्या मनात पत्रिका छापूनसुद्धा टाकली.
मग उत्तमरावांनी विचारलं, वहिनी कुठं दिसत नाहीत? आई म्हणाली, शाळेत गेली. पोरीच्या शाळेत मास्तरीण हाय माही सून. उत्तमराव सुपारी कातरायचे थांबले. म्हणाले, खुशालराव, देशमुखाची बाई उंबऱ्याभायेर दिसत नाई. माहेरी जाते तं बैलाच्या दमणीले पडदा लावून जाते. अन् तुमची घरवाली, दोन लेकराची माय, भर बजारातून छत्री घेऊन चालते. कसं जमन सांगा?
खरंच आहे. आमच्या घराण्यालाही आजोबांच्या वेळी देशमुख म्हणत. असं आजोबा म्हणत.

मंगळवार, १६ जानेवारी
पुष्कळ विचार केला. शकुननं नोकरी सोडावी. लग्न झाल्यापासून शिकवतेय, दमली असणार. तसं तिला नोकरी करू देणारा मीच. माझ्याइतका पुढारलेला नवरा या गल्लीत दाखवा. पण दोन मुलं झाल्यावर बाईनं घरी असावं, आराम करावा. माझा पगार भरपूर आहे. पावसाळ्यात जिन बंद असतं, ते महिने सोडले तर.
जेवताना ती फार आनंदात होती. हेडमास्तरीण लीलाबाई जूनमध्ये रिटायर होणार आणि त्यांच्या जागी शकुनचं नाव वर गेलंय. किती काम वाढेल बिचारीचं! आता तर सोडायलाच हवी. उद्या सांगतो.
इंग्रजीचे शब्द: आजचे आणि कालचे मिळून उद्या करीन.

गुरुवार, २५ जानेवारी
शकुनला अजून सांगितलं नाही. उत्तमरावांना मात्र सांगून टाकलं की तिनं सोडली. त्यांनी मोर्शीला निरोपही धाडला. म्हणजे काम निम्मं झालं.
शकुनला लगेच सांगण्यात अर्थ नाही. अष्टग्रही येतेय. आठ ग्रह एका राशीत, जग बुडणार म्हणतात. गल्लीत होम चाललेत. जग बुडणारच असेल तर घरात वाद कशाला?

मंगळवार, ६ फेब्रुवारी
जग बुडालं नाही. सांगावं लागलं.
मी पद्धतशीर मुद्दे काढून बसलो होतो. दुसऱ्याच मुद्द्याला आई मध्ये पडली. काहून रे खुशाल, तिची नौकरी तुह्या डोयात खुपून राहिली काय? लेकरं मी पाहून राहिली, मले काई तरास नाई, तुले कायचा हाय? वच्छी म्हणाली, मले नाई पाह्यजे असं कोंडून ठेवनारं घर. मी दोघींवरही चिडलो नाही. फक्त ताट सारलं.
शकुननं विचारलं, लग्नापुरती रजा घेतली तर? मी समजावलं की मोठी माणसं चौकशी करतात, रजेनं भागत नाही, राजीनामाच लागतो. मग विचारलं, लग्न झाल्यावर परत जाऊ द्याल? म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू. ती वच्छीकडे बघत राहिली. मग म्हणाली, हिचं चांगलं होणार असेल तर देते.
पटलं तिला. माणसानं मुद्देसूद बोलावं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांचा थकवा, दुसरं काय?

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
शाळाखात्याच्या कचेरीतले साहेब राजीनामा घेईनात. मला बोलावून घेतलं. म्हणे, जूनमध्ये हेडमास्तरीण व्हायची बाई आत्ता काय म्हणून सोडते? नवऱ्याचा जाच वगैरे तर नाही ना? हे मला! आणि कोणासमोर? टेबलाशी कारकून पुंजाजी आणि दाराशी तानुबाई. ही तानुबाई म्हणजे सकाळी घरोघर हिंडून मुलींना शाळेत गोळा करून आणणारी बाई. तिला कळलं म्हणजे अकोल्याच्या प्रत्येक उंबऱ्याला कळलं.
मी म्हणालो, जाच कसला साहेब, तब्येतीचं कारण आहे. साहेब म्हणाले, काय होतं? मी म्हणालो, छातीचं. डॉक्टरांनी आराम सांगितलाय. बोलता बोलता मलाच ठसका लागला. जिनात रुईची धूळ, हंगामभर माझी छाती भरलेली असते. साहेब खुर्चीसकट मागं सरकले. राजीनामा तिथल्या तिथं मंजूर.
याला खोटं म्हणता येणार नाही. दिवाळीत शकुनला खोकला झाला होता. शिवाय माझी अब्रू राहिली आणि तिचीही राहिली. तिला यातलं काही बोललो नाही. उगाच काळजी करत बसेल.

बुधवार, २८ फेब्रुवारी
शकुनचा शाळेतला शेवटचा दिवस. वाटलं होतं, समारंभ होईल, मलाही दोन शब्द बोलावे लागतील. कोट इस्त्री करून ठेवला होता. समारंभ झाला नाही. लीलाबाईंनी नारळ टेबलावर ठेवला आणि लांबूनच घ्या म्हणाल्या. दर वेळी मिठी मारणारी बाई! शकुनला लागलं ते. मी म्हटलं, अगं, तू पुढं गेली असतीस याचा जळफळाट असेल.
मुलं आज लवकर झोपली. आईनं शकुनच्या डोक्याला तेल लावलं.

शनिवार, १० मार्च
ओसरीला पडदा लावला. हिरव्या पट्ट्यांचा, स्वतः बाजारात जाऊन निवडला. उत्तमराव बघून गेले, खूश.
संध्याकाळी शकुनकडे गणितं सोडवायला गल्लीतल्या मुली यायच्या, त्या पडद्यापाशी येऊन घुटमळल्या. शकुन म्हणाली, येऊ द्या ना त्यांना. मी परवानगी दिली. फुकट विद्यादान देशमुखीत बसतं.
दुपारी जेवायला आलो तर तव्यावरची भाकर ताटात. यालाच संसार म्हणतात. आई मात्र फुरंगटून बसलेली. म्हणे, चूल एक अन् बाया तीन, मी आता करू काय, माशा मारू?

गुरुवार, २९ मार्च
पडद्याचा वचक बसला! मुली यायच्या थांबल्या. परवा एक चुकून आली होती, तर तिची आई मागून धावत आली आणि दंडाला धरून घेऊन गेली. शेजारची भागीरथाबाईसुद्धा शकुन दारात दिसली की आत जाते. शकुन म्हणाली, तिच्या पोरीला पाढे मी शिकवले हो, आता बघतसुद्धा नाही माझ्याकडे. मी समजावलं, अगं वेडे, हा मान आहे. मोठ्या घरच्या बाईशी कोणी येता-जाता चकाट्या पिटत नाही.
खोकला फार झालाय. पडद्यामुळं ओसरीवर वारा येत नाही, खोकून खोकून जीव जातो. जिनातले सगळे धुळीवर गूळ खातात, मीही खातो. सुपारी उद्यापासून खरोखर बंद.

गुरुवार, १९ एप्रिल
भागीरथाबाईकडं नातवाचं बारसं झालं. अख्ख्या गल्लीला बोलावणं, आम्हाला नाही. आपलं घर आता वरचं झालंय, लोक बोलवायला बिचकतात. शकुन पडद्यामागं बसून पाळण्याची गाणी ऐकत होती. आराम करत होती.
आमची जाई हल्ली एकटीच खेळते, तिच्या मैत्रिणी येत नाहीत. ती धाकट्याला पाटीसमोर बसवून छडी उगारते. अभ्यासाच्या दृष्टीनं चांगलंच आहे.

गुरुवार, ३ मे
पापडाचे दिवस. दर उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया पाळीपाळीनं एकमेकींकडं लाटायला जातात. शकुन, वच्छी चार घरी जाऊन लाटून यायच्या, मग चार घरच्या आमच्याकडं. यंदा यांना कोणी बोलावलं नाही. तरी शकुननं आमच्या पाळीचं पीठ कुटून ठेवलं, पोळपाट मांडले, लाह्या-गुळाची ताटली भरून ठेवली.
कोणी आलं नाही. एकही बाई नाही.
दुपारपर्यंत घरच्या तिघींनीच लाटले. उरलेलं पीठ वाळून दगड झालं. शकुननं आईला विचारलं, खुर्ची गेली की माणूस इतकं नकोसं होतं का हो? आई माझ्याकडं वळून म्हणाली, खुशाल, यात काई तरी हाय. गल्ली असं काहून करन? मी म्हटलं, देशमुखांकडं पापड नोकर लाटतात, बायांनी येणं बरं दिसत नाही. आई म्हणाली, घाल तुह्या देशमुखाले चुलीत!
आज लिहायला मन लागत नाही. उन्हामुळं असेल.

रविवार, १३ मे
जिनाचा हंगाम संपला. आता दिवाळीनंतर बोलावतील. शकुननं विचारलं, तोवर घर कसं चालायचं? म्हटलं, बघू. बायकांना फार पुढचं दिसतं.
उकाडा मरणाचा. सारी गल्ली अंगणात खाटा टाकून झोपते. आमच्या बायका रीतीप्रमाणं पडद्यामागं. मी अंगणात झोपतो, घराची राखण कोणी तरी करायला हवी. शकुन वाळली आहे. कमी बोलते. पूर्वी शाळेतून आली की तास तास सांगत बसायची, कोणत्या मुलीला भागाकार जमला, कोणाची चप्पल हरवली. तेव्हा मी म्हणायचो, पुरे. आता शांतता आहे घरात. भरपूर आहे.
येत्या रविवारी मोर्शीचे देशमुख वच्छीला बघायला येणार! सगळं मार्गी लागलं.

रविवार, २० मे
कोट घातला. पोहे केले, सरबत केलं. वच्छी तोंड फुगवून का होईना, नवं लुगडं नेसली. अमरावतीकडच्या चारही मोटारी बघितल्या. स्टँडवरचा पानवाला म्हणाला, भाऊ, आता रात्रीशिवाय गाडी नाई.
आले नाहीत. मोठ्या माणसांना कामं असतात. पोहे मुलांनी खाल्ले.

मंगळवार, २२ मे
उत्तमराव आले. अंगणातच उभे राहिले. खाट टाकली, बसले नाहीत. म्हणाले, मोर्शीवाले नाई म्हनते. ज्या घरात छातीचं दुखनं, टीबी हाय त्या घरची पोरगी नाई करत म्हनते. मी विचारलं, हे कोणी सांगितलं त्यांना? उत्तमराव म्हणाले, सारं अकोला म्हनते. पडद्याआडून रोज खोकला आयकू येते म्हनते. मी ओरडलो, खोकला माझा आहे! ते म्हणाले, असं कसं? वहिनीच्या छातीचं तं तुमीच कचेरीत सांगतलं म्हनते.
मी विषय बदलला. म्हटलं, पण तिनं नोकरी सोडली हे तरी आवडलं असेल त्यांना? उत्तमराव टोपी सारखी करू लागले. म्हणाले, त्याचं काय हाय खुशालराव, ते मी माह्याच मनानं बोललो होतो. जुन्या रितीनं. आता देवरावची माय सुंदराबाई, तिची मोठी सूनच थे मोर्शीच्या शाळेत शिकवते. मास्तरीणबाईचं घर हाय म्हनूनच पयले हो म्हटलं होतं त्यायनं. मले काय मालूम, तुमी येवढ्यात राजीनामा देसान?
एवढं बोलून झाल्यावर पडदा हलला. शकुन मागंच उभी होती. कापड जरा पातळच निघालं.

बुधवार, २३ मे
सकाळी शकुननं एवढंच विचारलं, माझ्या छातीचं कचेरीत कोणी सांगितलं? मी म्हणालो, लोकांचं काय, लोक काहीही बोलतात. ती म्हणाली, बरं. छत्री घेतली आणि छातीचा फोटो काढायला मोठ्या दवाखान्यात निघाली. मीही मागोमाग गेलो. बाईमाणसानं एकटं जाऊ नये.
वाटेत दोन मुली दिसल्या, तिच्याच वर्गातल्या. तिला बघून एकीनं पदर, म्हणजे ओढणीच, नाकाला लावली. आईनं शिकवलं असेल. शकुन थांबली नाही.
डॉक्टर माझा खोकला ऐकून म्हणाले, तुम्हीही उभे राहा मशीनपुढं. म्हटलं, मला वेळ नाही. जिन बंद आहे हे त्यांना कुठं माहीत?

सोमवार, २८ मे
फोटो साफ! छाती ठणठणीत! मी धावत कचेरीत गेलो. म्हटलं, आता कोणाची हिंमत आहे नाही म्हणायची.
साहेबांनी आत बोलावलं नाही. पुंजाजी म्हणाले, लीलाबाईच्या जागेवर दुसरी बाई नेमली, हुकूम निघाला. मी म्हटलं, मग साधी मास्तरीण म्हणून घ्या. पुंजाजी म्हणाले, सर्टिफिकेट चांगलं हाय हो. पन मायबाप पोरी पाठवतीन काय तिच्या वर्गात? आमच्या पोरींच्या छात्या तपासा म्हनून त्यायच्या माया इथं येऊन रडून गेल्या. पयले त्यांच्या मनातून काढा, मंग अर्ज करा. आणि मग हळूच म्हणाले, असं कोनी आपल्या बायकोबद्दल बोलते काय भाऊ?
घरी येऊन शकुनला सांगितलं, जवळजवळ होकारच आहे.
तिनं पोळपाट बाजूला ठेवला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर मला बोलता आलं असतं. म्हणाली, उत्तमराव बोलले ते मी त्याच दिवशी ऐकलं. दुसऱ्या दिवशी विचारलं ते तुम्ही आपल्या तोंडानं सांगावं म्हणून. नोकरी मी वच्छीसाठी सोडली, माझ्या हातानं सोडली, त्याचं दुःख गिळलं असतं मी. पण तीन महिने लोक माझ्यापासून पोरं ओढून नेत होते आणि मी रोज शोधत होते, माझं काय चुकलं. मला वाटायला लागलं, मी मुळातच वाईट असेन, नोकरी होती म्हणून कोणी तोंडावर बोललं नसेल. तुम्ही रोज बघत होता. मान आहे म्हणत होता.
मी म्हणालो, मला खरंच तसं वाटत होतं. ती म्हणाली, हो, तेच.
मग म्हणाली, जसं जाऊन सांगितलंत तसं जाऊन मागं घ्या. घरोघर. मी बरोबर येणार नाही.
आईनं पडदा ओढून काढला. वच्छी माझ्याशी बोलत नाही. मी बराच वेळ अंगणात बसून मुद्दे काढत होतो. एकही निघाला नाही.

रविवार, ३ जून
सकाळी निघालो. फोटो पाकिटात घालून बरोबर घेतला. पहिलं घर भागीरथाबाईचं. तिनं दाराची कडी हातात धरूनच ऐकलं. म्हणाली, हो का? बरं झालं. आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी मालक म्हणाले, असू द्या असू द्या, दुखनं कोनाच्या हातात असते? मी म्हटलं, दुखणं नाहीच, हे बघा. ते म्हणाले, मले काय समजते त्या काळ्या कागदातलं? पुढच्या घरातून कोणी तरी आतूनच म्हणालं, नवरा बिचारा असंच म्हनन.
कचेरीत मी एकदाच बोललो होतो, ते सगळ्यांना पटलं. आज दुपारपर्यंत खरं बोलतोय. घसा बसला.
गल्लीच्या टोकाच्या घरी मात्र बसा म्हणाले. इतकं बरं वाटलं. यांची मुलगी शकुनकडं गणिताला यायची. ओट्यावर बसलो, चहा आला. मुलीची आई दाराआड उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. हेही सांगितलं की कचेरीत बोललो तो मीच, आणि खोटं बोललो, बाईला काही झालेलं नाही, झालेलं नव्हतं. ती मन लावून ऐकत होती. डोळे पुसले तिनं. म्हणाली, खरं हाय भाऊजी, बाई लय चांगल्या होत्या.
मी कप आत द्यायला उठलो. ती दोन पावलं मागं सरली. म्हणाली, राहू द्या, कप तिथंच राहू द्या.
ठेवला.